कुंभिवलीची पडवी आणि कंबाला टेकडी

गेल्या वैशाखांत आमच्या कुंभिवलीच्या घरांत एक मोठा प्रश्न उभा राहिला. जुनें घर उतरवून त्या जागीं चार मजल्यांची इमारत बांधावी, असें पुतण्यांच्या मनांत होतें. नकाशा नेटका होता. पण पश्चिमेस सपाट भिंत आणि मोठमोठ्या कांचा! "पडवी कोठें आहे?" असें मी विचारलें. "काका, तेवढी जागा फुकट जाते," असें उत्तर मिळालें.

वाद न घालतां मी धाकट्या पुतण्यास घेऊन खोपोलीहून आगगाडीनें मुंबईस गेलों. कंबाला टेकडीवरील 'कांचनजंगा' ही इमारत मला त्यास दाखवावयाची होती. वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांनीं योजिलेली ही इमारत 1983 सालीं पुरी झाली. उंची सुमारें 84 मीटर, आंत 32 बिऱ्हाडें. मुंबईस समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो; पण दुपारचें ऊन तिकडूनच, आणि पावसाची झडहि बहुधा तिकडूनच. वारा घ्यावा तर ऊन-पाऊस घरांत, ते अडवावे तर वाराहि बंद! कोरियांनीं जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांचा धडा घेतला आणि इमारतीच्या कोंपऱ्यांत दोन मजले उंचीच्या, बागेसारख्या मोकळ्या पडव्या खोल कोरल्या. ऊन व पाऊस तेथेंच थबकतात. वारा मात्र छायेंतून आंत शिरतो.

रस्त्यावरून वर पाहतांना मला वराहमिहिराची बृहत्संहिता आठवली. चारी बाजूंस अखंड अलिंद, म्हणजे पडवी, असलेल्या घरास तींत 'सर्वतोभद्र' म्हटलें आहे. नांवें बदललीं, ऊन, वारा आणि पाऊस तेच आहेत.

तीं श्रीमंतांचीं घरें, हें खरें. उंच इमारतींत पाणी चढविण्यास व लिफ्टला वीज लागतेच, हेंहि खरें. परंतु भिंत तापूंच दिली नाहीं, तर थंडावा विकत घेण्याचा रोजचा खर्च कमी होतो. आणि हा हिशेब चार मजल्यांसहि लागू आहे. ज्या वाचकांच्या घरीं असाच नकाशा आला असेल, त्यांनीं पश्चिमेची बाजू आधीं पाहावी.

परतीच्या गाडींत पुतण्या बराच वेळ गप्प होता. कर्जत मागें पडल्यावर म्हणाला, "काका, प्रत्येक बिऱ्हाडांतील एक खोली लहान केली, तर पश्चिमेस सहा फूट पडवी निघेल."

घर उतरणार, याचें दुःख आहेच. ज्या पडवींत वडिलांनीं मला शब्दरूपें शिकविलीं, ती आतां जाईल. पण तिसऱ्या मजल्यावरच्या पडवींत बसून एखादा नातू मृगाचा पाऊस कोरड्या अंगानें पाहील, एवढें समाधान मला पुरे आहे.