करवतीचा दम

उर्दूच्या तासाला 'दम' म्हणजे श्वास, मराठीच्या तासाला दम लागतो तो धावल्यावर. परवा हा शब्द मशीनसाठी ऐकला. माझा एक जुना विद्यार्थी भूम-परंड्याकडे पेट्रोलच्या करवतीनं बाभळी तोडून पोट भरतो. म्हणाला, "सर, हवेत झकास फिरते, लाकडात घातली की दम सोडते. मिस्त्री पिस्टन बदल म्हणतो."

पिस्टन म्हणजे त्याची कित्येक दिवसांची मजुरी. आमच्या मामूंची लाकडाची वखार होती. ते मशीन उघडण्याआधी भुसा चिमटीत घ्यायचे. मीही तेच विचारलं. ढलप्या पडत असतील तर साखळीला धार आहे. पीठ पडत असेल तर धार गेली. मग माणूस जोर लावून दाबतो, आणि इंजिन बसतं. याचं पीठच होतं. बुंध्याजवळ कापताना साखळी मातीला लागली होती.

मशीन बंद करून, प्लगची टोपी काढून त्यानं एकेका दाताला सारखी कानस मारली. जोर परतला, पण अर्धाच.

मग श्वास पाहिला. एअर फिल्टर भुशानं लिंपलेला, सायलेन्सरच्या जाळीत काजळी. दोन्ही साफ केले. तरीही बसलीच असती तर पेट्रोलच्या टाकीतला फिल्टर आणि टाकीचं हवेचं भोक पाहायचं होतं. ते बुजलं की पेट्रोल खेचलं जात नाही. पिस्टनची पाळी त्यानंतरची.

संध्याकाळी त्याचा फोन आला, मागे करवतीचा आवाज. "सर, ढलप्या उडतायत!"