आता मी मुलांना सांगतो

तरुण मुलांना वृषणाच्या कॅन्सरबद्दल सांगत बसू नये, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. हा आजार आपल्याकडे विरळाच; वर्षाला लाख पुरुषांत एकालाही होत नाही. त्यात २०११ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळानेही सांगितलं, की काही त्रास नसलेल्यांनी यासाठी तपासण्या करू नयेत. उपचार इतके गुणकारी, की उशिरा आलेला रुग्णही बहुधा बरा होतो. मग मुलांच्या मनात भीती कशाला घालायची? मला ते पटलं होतं.

माझं मत फिरलं ते पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलामुळे. कंबर धरते म्हणून आला होता. पोट तपासताना हाताला गोळा लागला, म्हणून खालीही तपासायला हवं म्हटलं, तर तो चड्डीची नाडी सोडेना. उजवी गोटी टणक झालेली, आकाराने दुप्पट. ‘‘दिवाळीत चेंडू लागला होता, डॉक्टर. दुखत नव्हतं, मग कुणाला काय सांगायचं?’’

तो बरा झाला. १९७४ साली लॉरेन्स आइनहॉर्न यांनी इंडियानात सिस्प्लॅटिन हे औषध वापरून जे उपचार सुरू केले, त्यांच्यामुळे पोटात पसरलेला हा आजारही आज बरा होतो. पण लवकर आला असता तर कदाचित एका ऑपरेशनवर भागलं असतं. आता केमोच्या फेऱ्या झाल्या, भरती हुकली, वडिलांनी दावणीची म्हैस विकली. त्या मंडळाच्या हिशेबात जीव वाचला की नाही एवढं येतं. म्हैस येत नाही. शिवाय तो हिशेब धरून चालतो, की गाठ लागली की माणूस डॉक्टरकडे जाईल. आमच्याकडे मुलगा शेक घेतो, हायड्रोसील असेल म्हणतो आणि अंगावर काढतो.

म्हणून आता कॉलेजात, तालमीत, बोलावतील तिथे जातो. महिन्यातून एकदा, गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर, अंगठा आणि बोटांमध्ये एकेक गोटी हलकेच फिरवून पाहा. एक जरा मोठी, एक जरा खाली असतेच. मागच्या बाजूला मऊ, लांबट लागतं तेही नेहमीचंच. टणक गाठ, वाढलेला आकार, जडपणा जाणवला, तर दुखण्याची वाट न पाहता यायचं. लहानपणी गोटी खाली उतरली नव्हती, त्यांनी तर नक्कीच लक्ष ठेवायचं. सोनोग्राफीला काही मिनिटं लागतात. कॅन्सरचा संशय असेल तर गाठीत सुई घालून पाणी काढू द्यायचं नाही. ऑपरेशन जांघेतून होतं.

भाषण संपल्यावर एखादे वडील बाजूला घेऊन हमखास विचारतात, ‘‘लग्नाचं काय?’’ एक गोटी निरोगी असेल तर संसारही होतो, मुलंही होतात. मात्र केमोआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, त्याबद्दल डॉक्टरांना उपचार सुरू होण्यापूर्वीच विचारायचं.