खिडकीची विहीर

न्यू जर्सीतल्या आपल्या घराला ‘विंडो वेल’ आहे, असं ताईनं फोनवर सांगितलं, तेव्हा आमच्या हिनं लगेच तिची एक फांदी मागितली. जाईजुईसारखी एखादी वेल खिडकीवर चढवली असेल, अशी आम्हा दोघांची समजूत. मी बँकेत बावीस वर्षं विंडोच्या आत बसतोय, पण विंडोला वेल फुटलेली काही पाहिली नव्हती.

गेल्या जुलैत साठवलेली रजा आणि साठवलेले पैसे एकदमच संपवून आम्ही तिकडे गेलो. तेव्हा कळलं की ती वेल नसून विहीर आहे! तिकडे घराला तळघर असतं. त्याची खिडकी जमिनीच्या पातळीखाली. तिला उजेड मिळावा म्हणून बाहेरची माती खणायची, भोवती वाकवलेला पत्रा उभा करायचा; झाली विंडो वेल. म्हणजे आधी जमिनीखाली खोली बांधायची, मग उजेडासाठी खड्डा खणायचा आणि खड्ड्यात पाणी साचलं की पावसाला नावं ठेवायची.

आमची पथारी तळघरातच होती. खिडकीखाली बाबांची पेटी. तिचाही इतिहास आहे. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कल्याणला आमच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेएवढं पाणी आलं. बाबा पेटी डोक्यावर घेऊन, यमुना ओलांडणाऱ्या वसुदेवासारखे जिन्याकडे निघाले. मागून आई, पापडांचा डबा घेऊन. बाबा गेल्यावर मीच म्हटलं, “ताई, पेटी तू ने. इथं दर पावसाळ्यात जिवाला घोर.” अमेरिकेत पाणी फक्त नळातूनच येतं, असा माझा समज.

तिसऱ्या रात्री ढग गडगडले. दोनच्या सुमारास जाग आली. पाहतो तो खिडकीबाहेर अर्ध्या काचेपर्यंत पाणी आणि त्यात एक बेडूक, काचेला हात टेकून माझ्याकडे टक लावून बघतोय. सवयीनं मी “पुढच्या काउंटरला जा” म्हणणार, इतक्यात चौकटीतून आलेली धार पेटीवर पडताना दिसली. मी पेटी उचलली आणि बनियन-पायजम्यात जिन्याकडे धावलो. मागून आवाज आला, “अहो, आधी मला उठवायचं!”

सकाळी भाऊजी पंप आणायला निघाले. मी म्हटलं, “भाऊजी, थांबा. आधी ही एंट्री कुठून आली ते बघू.” बी.कॉम.चं शिक्षण प्रथमच घरच्यांच्या उपयोगी पडत होतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर १०० चौरस मीटर, पाऊस २५ मिलिमीटर धरला, तरी २,५०० लिटर झालं. आमच्या कोपऱ्याचा चौथा हिस्सा म्हणजे सव्वासहाशे लिटर! म्हणजे चाळीसएक बादल्या. वर चढून पाहिलं तर पन्हळ गेल्या वर्षीच्या पानांनी तुंबलेली. पाणी तिच्या काठावरून थेट विहिरीत! उतरणारा पाइप भिंतीच्या पायाशीच संपलेला. मातीचा उतार घराकडे. विहिरीच्या तळाची खडी गाळानं बुजलेली. वसुली वेळेवर न केलेल्या कर्जासारखी सगळी थकबाकी खिडकीशी येऊन साचत होती.

मग कामाला लागलो. पन्हळ साफ केली. पाइप जोडून पाणी दहा फूट लांब सोडलं. माती टाकून उतार बाहेरच्या दिशेनं फिरवला, १० फुटांत ६ इंच. गाळ उपसून नवी खडी घातली, तीही खिडकीच्या चौकटीपेक्षा चांगली खाली. वरून पारदर्शक झाकण. भाऊजी ते स्क्रूनं पक्कं आवळू लागले, तेव्हा ताई ओरडली, “अहो, माणसांनी बाहेर कुठून पडायचं?” आम्ही दोघंही गप्प झालो. १ सप्टेंबर २०२१ ला ‘आयडा’ वादळाच्या पावसात शेजारच्या न्यूयॉर्क शहरात तळघरांतून राहणारी अकरा माणसं दगावली होती. सबब, आतून ढकललं की उघडेल असं झाकण बसवलं.

पुढच्या पावसाला आम्ही चौघं तळघरात चहा घेऊन बसलो. विहीर कोरडी. ताईनं भाता सोडला. खर्जातला एक सूर तेवढा वाजेना.

“परत नेतोस का?” ताईनं विचारलं.

“राहू दे. इथला हिशेब मी स्वतः तपासलाय.”

ती काही बोलली नाही. तो न वाजणारा सूर टाळून बाबांचं भजन वाजवत राहिली.

बेडूक मात्र पुन्हा आला नाही. दुसऱ्या शाखेत गेला असावा.