सुरतेचा गारवा

वैशाखात सुरतेस जाऊ नये, असे आम्हांस अनेकांनी बजावले होते. तरीही एका लग्नाच्या निमित्ताने जाणे झाले आणि मुक्काम पडला लिंबायतला, आमच्या मावसबंधूंच्या घरी. यंत्रमागांच्या कामासाठी खानदेशातून आलेली शेकडो मराठी कुटुंबे या भागात व शेजारच्या उधन्यात नांदत आहेत. घर नीटनेटके, माणसे अगत्याची. परंतु छप्पर पत्र्याचे. दिवसभर तापलेला तो पत्रा रात्री दहा वाजताही माथ्यावर ऊब ओतीत होता. पंखा फिरे, पण तीच तप्त हवा पुन्हा अंगावर आणून टाकी. समुद्र जवळ, तापी जवळ; म्हणून हवेत दमटपणा तेवढा भरपूर.

सकाळी यजमानांचे चिरंजीव म्हणाले, "काका, काकू, आज तुम्हांला थंडावा दाखवतो. खजोदला चला." चिरंजीव हिऱ्यांच्या व्यापारात नोकरीस आहेत, त्यांच्या ओळखीने आम्हांस सुरत डायमंड बोर्समध्ये प्रवेश मिळाला.

सुरत म्हटली की मराठी माणसास १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात, नाहीतर घारी आठवते. खजोदची ही वास्तू त्या सुरतेहून अगदी निराळी आहे. पंधरा मजल्यांचे नऊ मनोरे, त्यांना जोडणारा एक लांबलचक मधला मार्ग, साडेचार हजारांवर कार्यालये आणि सुमारे सदुसष्ट लाख चौरस फूट क्षेत्रफळ. आराखडा मॉर्फोजेनेसिस या भारतीय वास्तुसंस्थेचा. उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. मधला मार्ग दोन्ही टोकांस नरसाळ्यासारखा रुंदावत नेला आहे. त्यामुळे वाहता वारा आत ओढला जातो आणि आपणहून खेळता राहतो.

परंतु खरी गंमत पायांखाली आहे. सामाईक जागांच्या जमिनीखाली नळ्यांचे जाळे असून त्यांतून थंड केलेले पाणी फिरत असते. आम्ही खाली वाकून फरशीस तळवा टेकला, तो माठाच्या अंगास हात लागावा तसा सुखद स्पर्श झाला. माणसास उकडते ते केवळ भोवतालच्या हवेमुळे नव्हे; तापलेल्या भिंती, छत आणि जमीन आपल्या अंगावर उष्णता फेकीत असतात म्हणूनही. जमीनच थंड केली तर ती उलट आपली उष्णता शोषून घेते, आणि हवा फार गार न करताही जिवास बरे वाटते. शिवाय तेवढ्याच आकारमानाची हवा जेवढी उष्णता वाहून नेते, तिच्या सुमारे साडेतीन हजार पट पाणी नेते. मोठमोठे पंखे चालवून हवा ढकलण्यापेक्षा नळीतून पाणी फिरविणे स्वस्त पडते, ते यामुळे.

हे पाहताना आम्हांस दूरदर्शनवर पाहिलेल्या स्की-उड्यांच्या शर्यती आठवल्या. ऑस्ट्रिया-जर्मनीकडे खेळाडू उंच उतारावरून ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेगाने घसरत येतो आणि हवेत झेपावतो. त्याच्या दोन पट्ट्या ज्या दोन पन्हळींतून धावतात, त्या बर्फाच्या असतात. उन्हाने बर्फ मऊ पडला तर आधी उडणाऱ्यास एक वाट आणि मागून येणाऱ्यास दुसरी, असा अन्याय होईल. म्हणून आधुनिक उतारांवर पन्हळींखाली नळ्या बसवून त्यांतून न गोठणारे थंड द्रव फिरवितात. सारा डोंगर गोठवीत नाहीत. जेथे पट्टी टेकते तेवढीच अरुंद वाट गोठवितात. काटकसर आहे ती तेथे. गारवा हवा असेल नेमका तेथेच पोहोचवावा, हे सूत्र खजोदच्या फरशीचेही आहे.

फरक एकच, पण मोठा. तेथे नळीवर बर्फ धरलेला हवा असतो; सुरतेत फरशीवर दवाचा थेंबही चालत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत गार पेल्यास बाहेरून पाणी सुटते, तसेच फरशीस सुटेल आणि माणसे घसरून पडतील. म्हणून अशा व्यवस्थेत पाणी बेताचेच थंड ठेवावे लागते आणि हवेतील ओल वेगळी काढावी लागते. पाणी फार थंड करावयाचे नसल्याने यंत्रास वीजही कमी लागते. या दमट मुलखात जमीन गार करणे हे सोपे काम नव्हे, हे ध्यानात घेतले म्हणजे या वास्तूच्या रचनाकारांचे कौतुक वाटते.

तरी चित्र सर्वस्वी साजिरे नाही. कार्यालयांच्या आत नेहमीची वातानुकूलन यंत्रेच आहेत. आणि हिऱ्यांच्या बाजारातील मंदीमुळे उद्घाटनानंतर पहिल्या वर्षात फार थोडी कार्यालये सुरू झाली. कोणी बसावयास नसेल तर उत्तमातील उत्तम गारवाही वायाच जातो.

सायंकाळी परतल्यावर आम्ही हे सारे मोठ्या उत्साहाने सांगितले. मावसबंधूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "दादा, ते पाणी आमच्या पत्र्याखाली केव्हा येणार?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने सुचले ते एवढेच, की नळ्या येणार नाहीत, पण ते सूत्र येऊ शकेल. पत्रा तापल्यावर खोली थंड करीत बसण्याऐवजी पत्राच तापू देऊ नये. छपरास पांढरा लेप दिला की बरेचसे ऊन परतून जाते आणि आतली खोली काही अंशांनी निवते. अहमदाबादेत २०१३ साली उष्णतेच्या लाटांविरुद्धची योजना आखली गेली आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेण्यात आले.

दुसऱ्या दिवशी लग्न आटोपल्यावर चिरंजीव चुन्याचा डबा आणि कुंचला घेऊन छपरावर चढले. मावसबंधू खालून म्हणाले, "पावसाळ्यात धुऊन जाईल रे!" वरून उत्तर आले, "मग पुन्हा लावू, बाबा." त्या रात्री पत्रा पूर्वीइतका कडकडीत तापला नव्हता, आणि आम्हांस मध्यरात्रीपूर्वीच झोप लागली.