पापलेटाचं खरं नाव

2023 साली महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. रत्नागिरीकडे आम्ही त्याला सरंगा म्हणतो. ज्याला एवढा मान मिळाला, त्या माशाचं शास्त्रीय नाव मात्र वर्षानुवर्षं चुकीचं लिहिलं जात होतं.

पुस्तकांत तो ‘पॅम्पस अर्जेन्टियस’ होता. हे नाव 1788 साली चीनच्या किनाऱ्यावरच्या पापलेटला दिलेलं. आपला मासाही तसाच रुपेरी, तसाच चपटा. म्हणून तेच नाव त्यालाही चिकटलं.

हा गोंधळ सुटायला डीएनए बारकोडिंगची मोठी मदत झाली. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी 2003 साली ही पद्धत मांडली. माशाच्या पराचा छोटा तुकडा घ्यायचा, डीएनए वेगळा काढायचा आणि ‘सीओआय’ या जनुकातली साधारण 650 अक्षरं वाचून इतर माशांशी ताडून पाहायची. मासा कापलेला असो, सुकवलेला असो की अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू असो, ओळख पटू शकते. भारतीय शास्त्रज्ञांनी आपल्या पापलेटची अक्षरं अशी ताडून पाहिली, तेव्हा तो चिनी पापलेटपासून वेगळा निघाला. क्युव्हिए यांनी 1829 मध्ये दिलेलं ‘पॅम्पस कँडिडस’ हे विसरलेलं नाव 2019 मध्ये त्याला परत मिळालं.

नावात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण मासा किती लांबीचा झाला की वयात येतो, अंडी कधी घालतो, हे जातीजातीप्रमाणे बदलतं. नाव उसनं असेल तर माहितीही उसनीच येते. लहान पिल्लं पकडू नयेत म्हणून नियम होतात, तेव्हा त्यांचा फटका आणि फायदा दोन्ही आमच्या दालदी आणि कोळी घरांना बसतो. नियम बरोबर माशाकडे पाहून व्हायला हवा.

या पद्धतीची मर्यादाही आहे. हा जनुक फक्त आईकडून येतो. जात ओळखायला तो पुरतो. पण एकाच जातीत किती वैविध्य शिल्लक आहे, गुजरातचा सरंगा आणि कोकणचा सरंगा एकाच गोतातले का, हे ठरवायला पुष्कळ मासे आणि इतर जनुकही तपासावे लागतात. वैविध्य घटलं की बदलत्या समुद्राला तोंड द्यायची माशांची ताकदही घटते.

आमच्याकडे कोळंबीवरून जुना वाद आहे. हनफी विचारतात, ती मासा आहे का? आम्ही कोकणी शाफई, आमच्या ताटात ती बिनदिक्कत येते. प्राणिशास्त्र म्हणेल, कोळंबी मासा नाही. तरी हलाल-हराम ठरवणं प्रयोगशाळेचं काम नव्हे. तिचं काम समोरचा जीव कोण आहे ते नीट सांगणं. पुढची जबाबदारी माणसाची. सूरह माइदामध्ये समुद्राची शिकार आपल्याला हलाल केली आहे. ती पुढच्या पिढीलाही मिळावी, ही अमानत आपल्याकडे आहे. आणि ज्याचं नावही धड माहीत नाही, ते सांभाळणार कसं?