साडेतीन फूट

फक्की मारून झाली तसा अब्बांनी टेप माझ्या हातातून घेतला. "चर साडेतीन फूट. सगळीकडे."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले. नऊ इंची भिंत, वर एकच स्लॅब, आणि चर साडेतीन फुटांचा! खोदाईचं एक वेळ जाऊ द्या, पण चर रुंद केला की खालचं काँक्रीट आणि दगड तेवढ्याच मापानं वाढतात. पैसे मोजूनच आणलेले.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अब्बा अंगणात झोपले होते म्हणून वाचले. दादी आत होती. त्यामुळे अब्बांशी घराच्या मजबुतीवर वाद घालायची आमच्यात कुणाची हिंमत नसते.

मिस्त्रींचा आडाखा जुनाच: भिंतीच्या जाडीची दुप्पट अधिक एक फूट, म्हणजे अडीच फूट. भाचा इंजिनिअर आहे, त्यानं रात्री वजन मांडलं. दहा फूट उंच भिंत, मीटरमागे सव्वा टनाच्या पुढे. मग स्लॅबचा भार. इथं माझी चूक सापडली. बाहेरच्या भिंती महत्त्वाच्या समजून मी मधल्या भिंतीचा चर दोनच फूट आखला होता. खरं तर मधल्या भिंतीवर दोन्ही खोल्यांचा अर्धा-अर्धा स्लॅब येतो, बाहेरचीवर एकाच खोलीचा. घरातही असंच असतं म्हणा, अम्मीला विचारा.

मुरूम कडक होता. त्यावर दीड फुटातही भागलं असतं. पण चरात बसून दगड लावणाऱ्याला कोपर हलवायला जागा लागते, म्हणून अडीच फुटांच्या खाली जायचं नाही असं ठरलं. मधलीसुद्धा अडीच.

एका कोपऱ्यात मात्र चार फुटांवरही काळी मातीच. अब्बा म्हणाले, तिथं तरी रुंद करा. मिस्त्री म्हणाले, काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रुंदीनं वजन पसरतं, फुगणं थांबत नाही. मुरूम लागेपर्यंत खालीच जायला हवं. तिथं तो साडेसहा फुटांवर लागला.

उरलेल्या पैशात जोत्यावर आणि लिंटेलवर सळ्यांचा सलग पट्टा घालायचा होता, चारही भिंती एकत्र बांधणारा. अब्बांना ते पटेना. शेवटी मी बोललो, बोलायला नको होतं, "अब्बा, दादीवर पडलेली भिंत अडीच फूट जाड होती. दगड-मातीची."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग चप्पल काढून मधल्या चरात उतरले, भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसले, दोन्ही कोपरं फिरवून बघितली.

"बसता येतंय," म्हणाले. "पट्ट्याला सळई किती लागेल, ते मिस्त्रीला विचार."