क्रॉफर्ड मार्केट ते भुलेश्वर : घरच्या कार्याची खरेदी

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून उत्तरेकडे चालू लागले की दहा मिनिटांत महात्मा जोतिबा फुले मंडईचा मनोरा दिसतो. १८६९ साली पूर्ण झालेल्या या वास्तूला लोक अजूनही क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. शहराचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचे ते नाव. प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंग यांनी कोरलेली शिल्पे आहेत, परंतु घरच्या कार्याच्या खरेदीला निघालेल्या माणसाची नजर तिकडे सहसा जात नाही. त्याला मंडईच्या पलीकडे जायचे असते. येथून पायधुनीपर्यंत आणि पश्चिमेला काळबादेवी रस्ता ओलांडून भुलेश्वरपर्यंत पसरलेल्या गल्ल्यांत कागद, कापड, मणी, दिवे, जर, फुले यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत.

या गल्ल्यांत दोन तऱ्हेचे गिऱ्हाईक येते. एकाच्या हाती मोबाईल असतो आणि त्यात कुठल्याशा समारंभातील सजावटीचे छायाचित्र. ‘असेच पाहिजे’ एवढेच त्याचे म्हणणे. दुसऱ्याच्या, बहुधा दुसरीच्या, पिशवीत सुतळीचा एक तुकडा असतो आणि त्याला दोन गाठी मारलेल्या असतात. पहिली गाठ ते दुसरी गाठ म्हणजे घराच्या दाराची रुंदी. दुकानदार दोघांनाही माल देतो, पण सुतळीवालीशी बोलताना त्याचा सूर बदलतो. तिला फसवण्यात अर्थ नाही, हे त्याला पहिल्या मिनिटातच कळलेले असते.

जैन व्यापारी कुटुंबांना हा परिसर नवा नाही. पायधुनीला गोडीजी पार्श्वनाथांचे मंदिर आहे. त्याची प्रतिष्ठा १८१२ साली झाली. एके काळी खाली पेढी आणि वरच्या माळ्यावर बिऱ्हाड अशी येथील अनेक घरांची रचना होती. पुढे बिऱ्हाडे वाळकेश्वर, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडे गेली. पेढ्या मात्र बऱ्याच काळ येथेच राहिल्या. आजही साखरपुडा असो, बारसे असो, डोहाळजेवण असो की तपश्चर्येचे पारणे असो, त्या घरांतील बायका मरीन लाइन्स किंवा मशीद स्थानकावर उतरून याच गल्ल्यांत येतात. सांगली-कोल्हापूरकडील कुटुंबेही रात्रीच्या गाडीने येऊन दिवसभरात खरेदी उरकतात. रविवारी घाऊक बाजार बंद, म्हणून शनिवारी पाय ठेवायला जागा नसते.

मंडईपासून पायधुनीकडे जाणारा अब्दुल रहमान स्ट्रीट हा कागदाचा रस्ता. घोटीव कागद, पतंगी कागद, क्रेप, पुठ्ठा, सोनेरी-रुपेरी वर्ख लावलेला कागद, लग्नाची पाकिटे यांच्या थप्प्या छतापर्यंत रचलेल्या असतात. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणणारी अधिसूचना काढली, तेव्हापासून येथे पुठ्ठ्याला आणि जाड कागदाला विशेष मागणी आली. ही बंदी घरच्या सजावटीच्या पथ्यावरच पडली, असे म्हणायला हरकत नाही. थर्माकोल कापताना घरभर उडणारे पांढरे कण आणि समारंभानंतर कचऱ्यात जाणारे ते खांब-कमानी कोणाला फारसे हवे होते असे नाही. सोपे म्हणून ते चालत होते, इतकेच.

येथे घेतलेल्या कागदाचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे घरी बांधलेला आकाशकंदील. तो केवळ दिवाळीचा समजण्याचे कारण नाही. बारशाला पाळण्याच्या वर आणि साखरपुड्याला दारात तो तितकाच शोभतो. पारंपरिक कंदिलाला सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या लागतात. कामट्या बुरुडाकडून आणाव्यात आणि सुरीने घासून गुळगुळीत कराव्यात, नाहीतर कागद फाटतो. आठ-आठ इंचांच्या सोळा कामट्यांचे चार चौकोन सुती दोऱ्याने बांधावेत. हे चौकोन कोनावर उभे करून कडेच्या कोपऱ्यांनी एकमेकांना जोडले की चौघांचे कडे तयार होते. वरच्या चार टोकांना चार कामट्या आणि खालच्या चार टोकांना चार कामट्या बांधल्या की सांगाडा पुरा. त्याच्या अंगाला आता चार चौकोन आणि आठ त्रिकोण दिसतात. वरचा व खालचा चौकोन उघडा ठेवायचा. वरून ऊब बाहेर पडते, खालून दिवा बदलता येतो.

कागद किती लागेल, याचा हिशेब घरच्या मुलांकडून करून घ्यावा. आठ इंची चौकोनाचे क्षेत्रफळ ६४ चौरस इंच, चारांचे २५६. आठ इंची त्रिकोणाचे सुमारे २८, आठांचे २२४ च्या आत. एकूण ४८० चौरस इंचांच्या आसपास. वीस बाय तीसचा एक ताव ६०० चौरस इंचांचा असतो. म्हणजे कडा दुमडण्यासह अंगाला एक ताव, आणि झिरमिळ्यांना दुसऱ्या रंगाचा एक. दोन तावांच्या वर कागद घेणारा एकतर घाईत आहे किंवा त्याला कापताना चुका करायच्या आहेत.

चिकटवण्याची गोष्ट मात्र नीट सांगितली पाहिजे. जुन्या कारागिरांचा ‘सरस’ हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरात तो आणण्याचे कारणच नाही. मैद्याची खळ त्याहून चांगली. एक वाटी पाण्यात दोन चमचे मैदा गुठळी न होऊ देता कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावा. पुस्तके बांधणारे खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे आणि मुलांच्या हाताशी नको. खळ लागेल तेवढीच करावी व त्याच दिवशी संपवावी. शिळी खळ आंबते, तिच्यात जीव पडतात. घरच्या वडीलधाऱ्या बायकांना हे सांगावे लागत नाही; शिळ्या अन्नाचा नियम त्या खळीलाही आपसूक लावतात.

कंदिलात दिवा कोणता घालावा, याचे उत्तर मंडईसमोरच्या लोहार चाळीत मिळते. नाव लोहारांचे, माल सगळा विजेचा. योगायोग असा की शेजारच्या मंडईत १८८२ साली विजेचे दिवे लागले होते आणि मुंबईकरांनी ते नवलाईने पाहिले होते. आता लोहार चाळीत दिव्यांच्या माळा किलोने विकल्यासारख्या लोंबत असतात. जुन्या माळांत एक दिवा गेला की सगळी माळ विझे आणि घरातील कर्ता पुरुष संध्याकाळभर स्टुलावर उभा राही. कागदी कंदिलात तारेचा तापणारा दिवा घालू नये. पाच वॅटचा एलईडी पुरेसा आहे आणि त्याने कागद काळवंडत नाही. पणत्या लावायच्याच असतील तर काचेच्या झाकणाच्या घ्याव्यात, विशेषतः चातुर्मासात. ज्योतीवर झेप घेणारे पतंग त्यामुळे वाचतात आणि शेजारी टांगलेल्या कापडालाही धोका राहत नाही.

कापडासाठी जुम्मा मशिदीजवळचे मंगळदास मार्केट आणि त्यापलीकडचे मूळजी जेठा मार्केट ही दोन नावे पुरेशी आहेत. खरे तर समारंभाच्या मागच्या पडद्यासाठी येथे काही विकत घेण्याची गरजच नसते, हे कापडाच्या व्यापारात असलेल्यांनी तरी मान्य करावे. साडेपाच मीटरची साडी बांबूवरून दुहेरी सोडली की सुमारे नऊ फुटांचा पडदा होतो. साडीचा पन्हा पावणेचार फुटांच्या जवळपास; चार साड्यांत दहा फुटांची भिंत चुण्यांसकट झाकली जाते. कापायचे काही नाही, शिवायचे काही नाही, टाचण्या टोचायच्या नाहीत. कार्य झाले की साड्या पुन्हा कपाटात. ज्या घरी पूजेच्या जागी रेशीम वर्ज्य मानतात, त्यांनी सुती साड्या घ्याव्यात. मंद दिव्यात त्या अधिक शांत दिसतात. मंगळदासमध्ये फक्त कटपीस पाहावेत. तागा संपताना उरलेले हात-दीड हात तुकडे तेथे स्वस्त मिळतात, आणि पाटावरची आसने, आहेराच्या पिशव्या, पाळण्याची झालर एवढ्यातून सहज निघते.

या सगळ्यामागे काटकसरीपेक्षा थोडी वेगळी गोष्ट आहे, आणि व्यापारी समाजात ती उघडपणे फारशी बोलली जात नाही. सजावटीचा ठेका दिला की तिला दर चिकटतो. अमक्याच्या घरी कितीची सजावट होती, हे जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना ठाऊक असते. आणि ज्याच्या धंद्याला यंदा ओहोटी लागली आहे, तो चुलतभाऊ पुढच्या महिन्यातील आपल्या मुलीच्या कार्यासाठी त्याच आकड्याकडे पाहत असतो. बाजारात पत राखायची तर घरी खर्च दाखवायला हवा, या समजुतीपायी व्याजाने पैसे काढून कमानी उभारणारी घरे समाजात आहेत. घरच्या माणसांनी बांधलेल्या सजावटीला असा दर नसतो. पाहुणा विचारतो तेव्हा ‘किती दिले?’ असे विचारत नाही, ‘कोणी केले?’ असे विचारतो. मोठ्या घराने हे आधी करावे. लहान घराला मग ते करताना संकोच वाटत नाही. उलट क्रमाने ही गोष्ट घडत नाही.

मण्यांच्या तोरणात हे सर्वांत स्पष्ट दिसते. त्यासाठी काळबादेवी रस्ता ओलांडून भुलेश्वरात शिरावे लागते. भोईवाड्याच्या बाजूला जर, लेस, टिकल्या, आरसे, मणी यांची लहान लहान दुकाने आहेत. तीन फुटांच्या दाराला तोरण करायचे तर सहा मिलिमीटरचा मणी धरावा. गाठींची जागा सोडून एका इंचात चार मणी बसतात. वरची आडवी ओळ छत्तीस इंचांची, म्हणजे १४४ मणी : बरोबर एक ग्रोस. तिच्यातून इंचाइंचावर सहा इंच लांबीच्या छत्तीस लडी सोडल्या तर प्रत्येकीत चोवीस मणी, एकूण ८६४ : सहा ग्रोस. सारे मिळून सात. फुटके आणि सांडलेले धरून आठवा ग्रोस घ्यावा. पेढीवर बसणाऱ्या आजोबांना हा हिशेब तोंडी येतो, आणि तोरणाच्या कामात त्यांना ओढण्याचा हाच उत्तम मार्ग आहे. सुई ओवण्याचे काम तेवढे त्यांच्याकडे देऊ नये.

गुजरात-राजस्थानातून आलेल्या अनेक कुटुंबांत असे मोत्यांचे तोरण सासरी नेण्याची रीत होती. हत्ती, मोर, कलश, पाळणा अशी नक्षी मण्यामण्याने भरलेली असे आणि मुलगी ते लग्नाआधीच्या वर्षांत हळूहळू विणी. तेवढा वेळ आता कोणाकडे नाही, आणि तशी नक्षी एका आठवड्यात होतही नाही. साध्या लडींचे तोरण मात्र चार जणींच्या दोन दुपारी घेते. एकीने ओवावे, एकीने मोजावे, एकीने गाठी माराव्यात. चौथी बहुधा चहा करते आणि जुन्या लग्नांच्या गोष्टी सांगते. धागा नायलॉनचा घ्यावा, सुती कुजतो. प्रत्येक लडीच्या शेवटी मणी ओवून धागा त्याच्यातून परत वर न्यावा, नुसती गाठ सुटते. रंग दोनच ठेवावेत. तीन रंगांचे तोरण दुकानात छान दिसते, दारावर गोंधळ करते.

भुलेश्वरच्या फुलगल्लीत पहाटेपासून झेंडू-शेवंतीचे ढीग लागतात. ताजी फुले नकोतच असे कोणी म्हणणार नाही, पण एका संध्याकाळीसाठी मणभर फुले तोडून दुसऱ्या सकाळी ती कचऱ्याच्या गाडीत जाताना पाहणे अनेकांना बोचते. त्यांनी क्रेप कागदाचे झेंडू करावेत. चार इंच रुंदीची पट्टी, एका कडेला बारीक चिरा, आणि काडीभोवती गुंडाळून तळाशी दोरा. मुले एका तासात तीसेक करतात आणि त्यातील दहा चांगले निघतात. आंब्याचा डहाळा खराच असावा. त्याची जागा कागद घेऊ शकत नाही.

फुलगल्लीहून पुढे गेले की गर्दीत अचानक गाईंचा हंबरडा ऐकू येतो. तो पांजरापोळ. इंग्रज अधिकाऱ्यांनी भटक्या कुत्र्यांना मारण्याचे आदेश दिले, तेव्हा शहरात मोठा असंतोष झाला. त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ अमीचंद शाह यांनी ही संस्था उभारली. खरेदीच्या पिशव्या सांभाळत आलेली कुटुंबे येथे थांबतात, मुलांच्या हातून गाईला चारा घालतात. कार्याच्या खर्चातून थोडी रक्कम जीवदयेसाठी बाजूला काढण्याची चाल अनेक घरांत आहे. सजावटीत वाचलेला पैसा कोठे गेला, हे मुलांना येथे डोळ्यांनी दिसते.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मरीन लाइन्सकडे परतणाऱ्या घोळक्यांत कागदाच्या लांब सुरळ्या डोक्याच्या वर तरंगताना दिसतात. सुरळी घडी घालून पिशवीत कोंबू नये. पडलेली घडी कंदिलावर उजेडात उठून दिसते. मणी मात्र पिशवीच्या तळाशी ठेवावेत, दोन पुड्यांत. लोकलच्या गर्दीत एक पुडी फुटली तरी निम्मे तोरण शाबूत राहते.